काशीरामभाऊंच्या होडीला मोटर

११ जानेवारी १९८२, सोमवार

आज पुन्हा उशीर! आणि उशीर म्हणजे कसला — शाळा अकराची, आणि बाई उगवल्या मधल्या सुट्टीला! पाणी ओसरलेलं. काशीरामभाऊंची होडी चिखलात बसलेली. "बाई, पानी येऊ द्या." मी धक्क्यावर बसले, पदराने वारा घेत. समोर बेट दिसतंय, शाळेची कौलं दिसताहेत, अंगणात मुलं खेळताना दिसताहेत, आणि त्यांची मास्तरीण या बाजूला चणे खातेय! आमच्याच किनाऱ्यावर, पलीकडच्या लांबच्या धक्क्याला कायम खोल पाणी असतं. पण तिथून ओहोटीच्या ओढीविरुद्ध बेटापर्यंत वल्हवत यायचं म्हणजे भाऊंचे खांदे निखळायचे.

आणि नेमके आजच तपासणीचे साहेब! पहाटेच्या भरतीला येऊन बसलेले. मी पोचले तेव्हा ते माझ्या खुर्चीत, आणि सोळाच्या सोळा मुलं समोर हाताची घडी घालून. काशीरामभाऊंची शकू — चौथीतली, माझी सगळ्यात हुशार पोर — उभी राहून खणखणीत सांगत होती, "बाई येतात. रोज येतात. पानी आलं का येतात."

गुणाची बाय माझी! पण साहेब कसले ऐकतात. "मास्तरीण वेळेवर पोचत नसेल तर इथे शाळा हवी कशाला? एप्रिलमध्ये पुन्हा येतो. हेच दिसलं तर बंद करायची शिफारस करणार." मी हसले. घाबरले की मला हसू येतं, त्याला मी काय करू? ते आणखीनच चिडले.

१२ जानेवारी

शाळा बंद होऊ देणार नाही. कशी, ते अजून ठाऊक नाही. पण देणार नाही म्हणजे नाही!

१७ जानेवारी, रविवार

देवा, मला क्षमा कर. कार्मिन आंटीच्या घरी रोझरीची प्रार्थना होती आणि मी पूर्ण वेळ मोटरकडे बघत होते!

झालं असं. आंटीचे नवरे कॉन्रॅड अंकल इतकी वर्षं आगबोटीवर फिटर होते, गेल्या वर्षी कायमचे वसईला, आमच्या होळी गावात परत आले. येताना काय काय आणलं त्याच्या गोष्टी गावभर आहेत. पण हे मला माहीत नव्हतं. अल्तारच्या, म्हणजे घरातल्या वेदीच्या, बाजूला, फुलाफुलांच्या चादरीखाली काहीतरी उभं. मला वाटलं नवा पुतळा असेल, संत कोण म्हणून विचारणार होते. तेवढ्यात वाऱ्याने चादर सरकली, आणि खाली पंखा! होडीच्या मागे लावायची मोटर! जुनी, रंग उडालेली, पण पुसून पुसून लख्ख केलेली.

पुढच्या सगळ्या 'नमो मारिया' मी त्या पंख्याकडे बघून म्हटल्या. आईने चिमटा काढला. निघताना कार्मिन आंटी हळूच म्हणाली, "लिडिया, ती वस्तू घेऊन जा कोणीतरी. रोज पुसतो तिला. मला कधी विचारत नाय तुझे गुडघे कसे आहेत म्हणून!"

१८ जानेवारी

काशीरामभाऊंना सांगितलं. मोटर म्हटल्याबरोबर वल्हं थांबलं, होडी वाहत भलतीकडे निघाली. "मशीन? माज्या होडीला?"  बेटाजवळ आल्यावर म्हणाले, "आवाज करतं का गो ते बाई, जोरात?" मी म्हटलं, खूप जोरात! तर हा साठीला टेकलेला माणूस लहान पोरासारखा हसला.

२४ जानेवारी, रविवार

कॉन्रॅड अंकलनी साफ नाही म्हटलं. "ए पोरी, ते मशीन नाय. ती लेडी हाय, लेडी. विकतात काय?"

मी विचारलं, मग पाण्यात कधी घालता? तर म्हणे अजून घातली नाही. होडीच नाही त्यांच्याकडे! होडी नसलेल्या माणसाची मोटर, मोटर नसलेल्या माणसाची होडी. मला इतका राग आला की चहा न पिता निघाले. मग फाटकातून परत गेले आणि प्यायले. कार्मिन आंटीची नानखटाई होती.

३१ जानेवारी

पुन्हा गेले. पुन्हा नाही. आई म्हणते, "मुलगा दाखवायला नेलं तर हिचं डोकं दुखतं, मोटर बघायला दर रविवारी पळत जाते!" पप्पा पेपरामागे हसत होते. पेपर हलत होता.

८ फेब्रुवारी

बेटावर देवळापुढे सगळं गाव जमलं. काशीरामभाऊंनीच बोलावलं. गावाने गवताच्या विक्रीतून द्यायचं, बाकीचं मी पगारातून. पेट्रोल सगळ्यांनी वाटून. हिशेब इथे लिहीत नाही, हिशेब मांडला की माझा आनंद आटतो. भाऊंची बायको भागूबाई शेवटी म्हणाली, "शाला ऱ्हायली पायजे. बाकी मशीन काय, हत्ती आना!"

सगळं ठरलं. फक्त विकणारा तयार नाही!

२४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

आज काय झालं! काय झालं आज!

सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला फादरांनी कपाळाला राख लावली. चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू. दर वर्षी आम्ही सगळे काही ना काही सोडतो — आई गोड सोडते, पप्पा विडी सोडतात, मी सिनेमा. कॉन्रॅड अंकल दारू सोडतात. आणि ईस्टरला सोडलेली सगळी भरून काढतात, हे कार्मिन आंटीचं म्हणणं.

तर आंटीने आज चर्चच्या पायरीवर, सगळ्यांसमोर त्यांना धरलं. "दारू सोडून काय उपयोग, ईस्टरला परत धरतोस! जे खरंच आवडतं ते सोड, तर तो त्याग." अंकल पायऱ्या उतरून चालू लागले.  फादर दारातून ऐकत होते.

दुपारी अंकल आमच्या अंगणात. कपाळाची राख घामाने नाकावर उतरलेली. "रविवारी मिस्सानंतर ये. पाण्यात चालवून दाखवतो, मग घेऊन जा. चालवून दाखवल्याशिवाय मी देणार नाय. मी काय ठग हाय काय?" आणि जाता जाता, "माझा विचार बदलायच्या आत ये."

मी पप्पांना मिठी मारली, आईला मारली, शेवटी गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात पडले.

२८ फेब्रुवारी, रविवार

अजून हसतेय. पोट दुखतंय. 

चाचणी अंकलच्या वाडीतल्या बावखलात! केळीला पाणी द्यायचं ते तळं, कडेला बदकं, मधे कमळाची पानं. "पाणी ते पाणी. खाडीचं काय नि बावखलाचं काय," अंकल म्हणाले. मोटर लावायची कुठे? तर त्यांनी ओट्यावरचं जाड बाकडं आणलं, काठावरच्या उथळ पाण्यात ठेवलं, मोटर त्याच्या कडेला आवळली. बाकडं हलू नये म्हणून एका टोकाला काशीरामभाऊंना बसवलं, दुसऱ्या टोकाला माझ्या पप्पांना. पप्पा चर्चच्या पांढऱ्या कपड्यांत! मी म्हटलं, कपडे बदला. तर म्हणे, "बसायचं तर आहे."

अंकलनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. खोकली. पाचव्या-सहाव्या वेळी जी काय गर्जना झाली! बदकं उडाली. कार्मिन आंटीने कानांवर हात ठेवले. आणि बाकडं निघालं! होय, निघालं, दोघा माणसांसकट, सरळ बावखलाच्या मधोमध! काशीरामभाऊ एका टोकाला ताठ बसलेले, जसे काही होडीतच. पप्पा "लिडियाऽ, लिडियाऽ" करताहेत. मग कमळाचे देठ पंख्यात गुंडाळले, बाकडं गर्रकन फिरलं, आणि दोघेही पाण्यात.

अंकलनी उडी मारून मोटर धरली. बंद केली. तिचं वरचं डोकं भिजू दिलं नाही, स्वतः मात्र हनुवटीपर्यंत. काशीरामभाऊ वर आले. डोक्यावर शेवाळ. आणि पहिलं वाक्य — "बाई, चालतं! मशीन चालतं!"

कार्मिन आंटी पायरीवर बसून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. अंकल तिच्याकडे बघत राहिले. मग चिखलाच्या हाताने मोटर माझ्याकडे ढकलली. "ने. पैसे मागाहून दे. माझा त्याग झाला."

पप्पांच्या केळीच्या हातगाडीवरून मोटर घरी आणली. चादरीसकट.

२ मार्च

गाढव! आम्ही तिघेही गाढव!

मोटर घेऊन धक्क्यावर गेलो. मी, काशीरामभाऊ, आणि शेवटचं बघायचं म्हणून कॉन्रॅड अंकल. होडीच्या मागे लावायची. मागे कुठे? मोटर आवळायला मागे सपाट फळी हवी. आमच्या खाडीतली होडी — पुढचं टोक निमुळतं, आणि मागचंही निमुळतं! दोन्ही बाजूंनी टोकदार! मोटर लावायला तिथे जागाच नाही.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला दिसलं नाही? तुमची होडी!" ते म्हणाले, "मी म्हनलं बाई शिकलेल्या, त्यांनी बगितलं असंल." मी अंकलकडे वळले. ते म्हणाले, "मी मशीनचा माणूस. ह्याची होडी मी बघितली कधी?" दीड महिना मी मोटर मोटर करत नाचतेय आणि त्याच होडीत रोज बसतेय! रोज!

अंकलनी सुचवलं, टोक कापून टाका. काशीरामभाऊंचा चेहरा! "बापाने बांदलेली होडी हाय माजी. तिचं टोक कापू? तुमचं नाक कापा आदी." मग भांडण.  मग मला हसू आलं, आणि या खेपेला घाबरून नव्हे. मग तेही हसले. पण एप्रिल जवळ येतोय. साहेब येणार आहेत. आज पहिल्यांदा मनात आलं, नाहीच जमलं तर? मुलं कुठे जातील? शकू पाचवीला जाईल न जाईल, पण बाकीची? ती बिचारी शेणीच थापत बसतील.

५ मार्च

आग्नेल सुतार! सुचलं कसं नाही आधी! आग्नेल चर्चची बाकं करतो आणि शवपेट्या करतो, त्यामुळे त्याला घाई करणारे लोक नवे नाहीत. धक्क्यावर आला. होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "मागे नाय तर बाजूला लावा. आडवा वासा टाकतो, बाहेर काढतो, त्याला सागाची फळी. तिथे लटकवा." इतकं सोपं!

फळी कशातली उरलेली ते मी विचारलं. त्याने एका शब्दात सांगितलं. भागूबाईला सांगायचं नाही असं ठरलं.

१४ मार्च, रविवार

बसवली! काशीरामभाऊंनी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. कॉन्रॅड अंकल चर्चमधून बाटलीत पवित्र पाणी घेऊन आलेले, ते त्यांनी शिंपडलं. काशीरामभाऊ म्हणाले, "शिपडा, शिपडा. जेवडे देव तेवडं बरं."

मोटर एका बाजूला असल्यामुळे होडी खेकड्यासारखी तिरकी पळते. भाऊ सुकाणू पूर्ण उलटं धरून बसतात तेव्हा कुठे सरळ जाते. पण जाते! ओहोटीच्या तोंडावर, लांबच्या धक्क्यावरून, पाणी कापत! माझी वेणी सुटली, साडी भिजली, मी ओरडत होते, काय ओरडत होते आठवत नाही.  भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणे वाऱ्याने.

बेटावर सगळं गाव पाण्याशी उभं. बायका, म्हातारे, माझी सोळाही. भागूबाईने होडीला ओवाळलं, मग मोटरीला, मग मला! मला कोणी असं ओवाळलं नव्हतं कधी. फार फार आनंद झाला.

१५ मार्च, सोमवार

शाळेत मी पहिली! मुलं नंतर आली. मी दारात उभी राहून प्रत्येकाला म्हटलं, "उशीर?"

१२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

 धक्क्यावर कॉन्रॅड अंकल, पांढरी पँट, हातात लोखंडी पेटी. "लिडिया, उपवास संपला." आणि मोटरीकडे बघून म्हणाले, "आणि ही कशी हाय?"

मला तेवढ्यात कितीतरी सुचून गेलं. मोटर परत मागतील. साहेब पुढच्या आठवड्यात येणार. मी सरळ होडीत मोटरीच्या पुढे जाऊन उभी राहिले, हात पसरून! अंकल म्हणाले, "बाजूला हो गो, मला बसू तरी दे." बसले. बेटाला एक फेरी मारली, दोन मारल्या. परत येऊन ती पेटी भाऊंच्या हातात दिली. आत पाने, प्लग, तेलाचा डबा. "तुम्ही तिला चांगली ठेवलीय. आणि कार्मिन म्हणते घरात आता जागा झाली." मग थांबून, "गुडघे कसे हायत ते विचारतो मी आता."

२० एप्रिल

साहेब आले! आणि कसे आले — आमच्याच मोटरीच्या होडीत, माझ्याच बरोबर! लाटेने फाइल भिजली, टोपी उडाली, ती शकूच्या काकाने जाळ्याने काढून दिली. अकराच्या आत शाळा भरली. शकूने सतराचा पाढा उलटा म्हटला. साहेब म्हणाले, "बाई, इतकी छान शाळा बंद कशी होईल?" आणि शेऱ्याच्या वहीत तसंच लिहिलं.

शाळा राहिली! शाळा राहिली! संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं. एका अनोळखी पाववाल्यालासुद्धा. त्याने घंटी वाजवली.

२ मे, रविवार

काल निकाल. शकू पहिली. आमची शाळा चौथीपर्यंतच, आजवर बेटावरची एकही मुलगी पुढे गेली नाही. वल्ह्यांच्या होडीने रोज वसईला कोण नेणार आणि आणणार? पण आता मोटर आहे! म्हणून आज मुद्दाम भागूबाईकडे गेले. ती नाही म्हणणार हे ठाऊक होतं, म्हणून भांडायच्या तयारीनेच गेले.

अंगणात जाळी विणत सगळा शेजार बसलेला. भागूबाई म्हणाली, "काय करायचं तिकडं जाऊन? हितं तुमी हायेत ना बाई." मी म्हटलं, "मी एकटी आहे, भागूबाई! एका खोलीत चार वर्ग हाकते. पहिलीला बाराखडी दिली की चौथीची गणितं राहतात. तिकडे प्रत्येक विषयाला वेगळी बाई. बसायला बाकं. खेळायला मैदान. पिण्याचं पाणी नळाला. इंग्रजी शिकवतात, चित्रकला शिकवतात. तुमच्या पोरीचं सोनं होईल! तिकडची शाळा दुपारची. मला सोडून होडी रोज रिकामी परत जातेच, तिच्यात बसायचं, बस्स." मी काय बोलत होते! स्वतःच्याच बोलण्यावर खूष होत होते. जाळ्यावरचे सगळे हात थांबलेले. म्हातारी कमळी, जी कधीच काही बोलत नाही, तीसुद्धा म्हणाली, "बाई खरं सांगतात."

भागूबाईने पदराने तोंड पुसलं. "जाऊ दे मंग. शिकू दे."

जिंकले! मोटर घेतली तेव्हाही इतकी खूष नव्हते.

१० मे

शकूला वसईच्या मोठ्या, पहिली ते दहावीच्या शाळेत नेलं. तिथली मास्तरीण बेटी लहानपणी माझ्याच वर्गात होती. शकूने तिलाही पाढे ऐकवले. बेटी म्हणाली, "अशी मुलं आहेत तुझ्याकडे? पाठव की आणखी! शाळा सोडल्याच्या दाखल्यांचं मागाहून बघू." मी मान ताठ करून हसले. माझी मुलं आहेत ती!

१३ जून, रविवार

उद्या शाळा! आग्नेलने फळ्याला नवा रंग दिला. मी भिंतीवर स्वतः बाराखडी रंगवली, 'ह'ला होडी काढली, होडीला मोटर! खडूंचा नवा डबा. पहिलीत दोन नवी पोरं येणार आहेत, त्यांच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या. झोप येणार नाही बहुतेक.

१४ जून, सोमवार

वेळेच्या आधी पोचले. बेटाच्या धक्क्यावर सगळी मुलं उभी — नवे निळे गणवेश, चपचपीत तेल, पाठीला दप्तरं. मला वाटलं, माझ्यासाठी!

मी उतरले. ती चढली. पुढे शकू, मागून एकेक करत सगळी, पहिलीत येणार होती ती दोघंसुद्धा. "येतो हां बाई!"

भागूबाई हसत म्हणाली, "तुमीच सांगितलंत ना. मंग एकट्या शकूचंच सोनं का? सगल्यांनी मिलून ठरवलं. बेटीबाईंनी घेतली पन." आणि काशीरामभाऊ मोटर चालू करता करता म्हणाले, "दाखले सावकास लिवा, बाई. तुमी पन बसताय का? जागा करतो."

त्यांचं काही चुकलं नाही. माझंही एक वाक्य खोटं नव्हतं.

मी म्हटलं, "नाही भाऊ. अकरा वाजत आले. मला शाळा उघडायची आहे."